विश्लेषण : सूरजागडच्या डोंगराची फाइल लिनक्सवर उघडेल का?

सूरजागडच्या लोहखनिजाची चर्चा नेहमी टनांमध्ये होते. किती लाख टन निघाले, किती ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून गेले, रस्त्याची चाळण किती झाली. पण डोंगरावर यंत्र चढण्याआधी तो डोंगर संगणकात उतरलेला असतो. कुठे किती खोल जायचे, कोणत्या उतारावर रस्ता काढायचा, माती-दगडाचा ढीग कुठे घालायचा, हे सगळे फाइलमध्ये आधी ठरते. ती फाइल कोणाच्या संगणकात उघडते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

आता तो विचारण्याची वेळ आली आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० चिप नसलेल्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. गावोगावच्या संगणक वर्गांत, ग्रामपंचायतींत आणि विद्यार्थ्यांच्या घरी असेच संगणक जास्त. त्यांना पैसे न मोजता सुरक्षित ठेवण्याचा मार्ग लिनक्सकडे जातो. आणि लिनक्सचे नाव काढले की आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यावर ऑटोकॅड चालेल का?

आधी फाइल, मग खड्डा

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागड टेकड्यांवरचा ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. प्रत्यक्ष काम २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खाणीवरची वाहने मोठ्या संख्येने जाळली. २०२१ मध्ये खाण पुन्हा जोमाने सुरू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली.

या आकड्यांमागे नियमांचा एक कमी चर्चेचा बदल आहे. खनिज संवर्धन व विकास नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाला १० लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाची योजना असलेल्या, अथवा ५० हेक्टर किंवा त्याहून मोठा पट्टा असलेल्या खाणपट्टाधारकाला दरवर्षी पट्ट्याचे आणि सीमेबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या भागाचे ड्रोन सर्वेक्षण सादर करावे लागते. सूरजागड दोन्ही निकषांत बसते. हे काम पाहणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे.

म्हणजे डोंगराची दरवर्षी नवी त्रिमिती प्रतिकृती तयार होते. बोअरहोलच्या नमुन्यांवरून जमिनीखालच्या खनिजाचे ठोकळ्यांत विभागलेले मॉडेल बनते, त्यावर खड्ड्याची रचना, बेंचची उंची, डंपरच्या रस्त्याचा चढ ठरतो. जगभर यासाठी सर्पॅक, डेटामाइन, व्हल्कन, मायक्रोमाइन अशी सॉफ्टवेअर वापरली जातात. ती मालकीची आहेत, महाग आहेत आणि त्यांची नेहमीची जागा विंडोजवर आहे. त्याखालच्या पायरीवर, म्हणजे मोजणी, आराखडे, शेड, रस्ते, गटारे यांत, ऑटोकॅडचे राज्य आहे. स्थानिक मुलाला खाणीत वाहनचालक किंवा सुरक्षारक्षक यापलीकडची नोकरी हवी असेल तर दार याच पायरीवर आहे. सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन, ड्रोनच्या फोटोंवर प्रक्रिया करणारा तंत्रज्ञ ही ती पदे.

ऑटोकॅड लिनक्सवर चालते का?

सरळ उत्तर : नाही. ऑटोडेस्क कंपनी ऑटोकॅडची लिनक्स आवृत्ती देत नाही.

पण हे 'जमत नाही' म्हणून नाही. १९८२ मध्ये आलेले ऑटोकॅड एकेकाळी लिनक्सचा थोरला भाऊ म्हणावा अशा युनिक्सवर चालत होते. नव्वदच्या दशकात रिलीज १३ नंतर कंपनीने तो मार्ग सोडला. गंमत म्हणजे हीच कंपनी मायाची, म्हणजे अॅनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या सॉफ्टवेअरची, लिनक्स आवृत्ती आजही विकते. कारण मोठे व्हीएफएक्स स्टुडिओ लिनक्सवर काम करतात आणि त्यांनी ती मागितली. बांधकाम आणि खाणकामाच्या ग्राहकांनी तितक्या जोराने मागितली नाही. अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि मागणीची जास्त आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

मग उरतात आडवाटा. सर्वांत प्रसिद्ध आडवाट म्हणजे वाइन. १९९३ पासून सुरू असलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प दुभाष्याचे काम करतो. एटापल्लीच्या तहसीलमध्ये माडिया बोलणाऱ्या आजीची तक्रार कोणी तरी मराठीत सांगतो, तसा वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमची मागणी लिनक्सला समजेल अशा भाषेत पोहोचवतो. साधी मागणी असेल तर काम झटपट होते. मागणी गुंतागुंतीची असेल तर दुभाषीही अडखळतो. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्या बहुतेक वेळा इन्स्टॉलर किंवा लायसन्स तपासणीपाशीच अडतात. खूप जुन्या आवृत्त्या चालतात, पण जुन्या आवृत्तीचे कायदेशीर लायसन्स आज कोणाकडे असते?

गेमिंगमुळे या बाबतीत गैरसमज वाढला आहे. २०१८ मध्ये वॉल्व्ह कंपनीने वाइनवर आधारित प्रोटॉन आणले आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. 'एवढा मोठा गेम चालतो, मग ऑटोकॅड का नाही,' असे वाटणे साहजिक आहे. पण गेम चालवण्यामागे वॉल्व्हसारखी कंपनी पैसे आणि माणसे लावून उभी आहे. ऑटोकॅडसाठी तसे कोणी उभे नाही. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत आजही ठाण मांडून बसलेल्या कोरलड्रॉची कथा याच जातीची. २००० साली कोरलने कोरलड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्ती खरोखरच बाजारात आणली होती, तीही वाइनच्या आधाराने. पुढे कंपनीने हात आखडता घेतला आणि ती वाट बंद झाली.

दुसरी वाट आभासी यंत्राची. लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम लावून आत विंडोज चालवायचे. हे चालते, पण विंडोजचे लायसन्स वेगळे घ्यावे लागते, १६ जीबी रॅम नसेल तर यंत्र दमते आणि त्रिमिती काम रखडते. जुना संगणक वाचवायला निघालेल्याला हा सल्ला म्हणजे सायकल पंक्चर झाली म्हणून ट्रॅक्टर घ्या असे सांगण्यासारखे. तिसरी वाट ब्राउझरमधल्या ऑटोकॅड वेबची. हलक्या दुरुस्त्यांना ते पुरते, मात्र सतत इंटरनेट लागते. एटापल्ली, भामरागडकडे पावसाळ्यात मोबाइलची रेंज किती भरवशाची असते हे तिथल्या वाचकाला सांगायला नको.

चौथी वाट सरळ आहे, पण फुकट नाही. ब्रिक्सकॅड हे बेल्जियममधल्या कंपनीचे सॉफ्टवेअर थेट लिनक्सवर चालते, डीडब्ल्यूजी फाइल उघडते आणि त्यातल्या आज्ञा ऑटोकॅडच्या सवयीच्या आहेत. ज्या कार्यालयाला लिनक्सच हवे आहे आणि डीडब्ल्यूजीशिवाय गत्यंतर नाही, त्याने वाइनशी झटापट करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा याचा विचार करावा.

कुलूप फाइलला आहे

खरा अडथळा सॉफ्टवेअरपेक्षा फाइलचा आहे. डीडब्ल्यूजी हा ऑटोकॅडचा फाइल प्रकार. त्याची रचना कंपनीने जाहीर केलेली नाही. इतरांनी ती उलगडत उलगडत समजून घेतली. १९९८ मध्ये त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांची एक आघाडीच उभी राहिली, जी आज ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखली जाते. तिचा फाइल कन्व्हर्टर लिनक्सवर विनाशुल्क मिळतो. डीडब्ल्यूजीचे रूपांतर डीएक्सएफमध्ये करून तो पुढचे दरवाजे उघडतो. डीएक्सएफही ऑटोडेस्कचाच, पण त्याची माहिती प्रसिद्ध असल्याने जवळपास प्रत्येक कॅड प्रोग्रॅम तो वाचतो.

इथे 'फुकट' आणि 'मुक्त' यांतला फरक कळतो. ड्राफ्टसाइट नावाचे चांगले द्विमिती सॉफ्टवेअर अनेक वर्षे मोफत मिळत होते, लिनक्सवरही. अनेक विद्यार्थी त्यावर विसंबले. २०१९ मध्ये कंपनीने मोफत आवृत्ती बंद केली आणि लिनक्सची आवृत्तीही गुंडाळली. त्या विद्यार्थ्यांची आरेखने संगणकात तशीच राहिली, ती उघडणारे साधन गेले. मुक्तस्रोत प्रकल्पही थंडावतात, बंद पडतात. पण त्यांचा कोड आणि फाइलची रचना उघडी असल्याने दुसरा कोणी तरी ती पुढे नेऊ शकतो.

पर्याय कुठे भक्कम, कुठे कच्चे?

मुक्तस्रोताचे प्रेमी प्रत्येक मालकी सॉफ्टवेअरसमोर एकेक नाव ठेवून तक्ता पूर्ण करतात. तो तक्ता फसवा असतो. सूरजागडसारख्या ठिकाणच्या कामाकडे पाहिले तर चित्र बरेच उंचसखल आहे.

नकाशाच्या कामात मुक्तस्रोत पर्याय नुसता पुरेसा नाही, पहिल्या रांगेत आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी सुरू केले. आज ते लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालते. सर्व्हेचे बिंदू, गट क्रमांक, उपग्रह प्रतिमा, वनखंड, नाले हे सगळे एकावर एक ठेवून पाहता येते. युनिकोडमधली मराठी नावे नकाशावर नीट उमटतात, माडिया-गोंडी टेकड्यांची आणि पाड्यांची नावेही देवनागरीत लिहिता येतात. ही छोटी बाब नाही. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली गावांची नावे दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, हा अनुभव कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात विचारला तर मिळेल.

क्यूजीआयएसच्या जोडीला ग्रास येते. हे १९८२ पासूनचे सॉफ्टवेअर मुळात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी लष्करी जमिनींच्या व्यवस्थापनासाठी लिहिले. त्यात एक आज्ञा आहे जी जमिनीच्या उंचीवरून पाणलोटाच्या सीमा आणि नाल्यांचे मार्ग काढते. सूरजागड परिसरातील शेतकऱ्यांनी खाणीकडून येणारा लाल गाळ शेतात उतरत असल्याच्या तक्रारी केल्या आहेत. कोणते शेत कोणत्या उताराच्या पायथ्याशी येते, खाणीच्या बाजूचे पाणी कोणत्या नाल्यातून कुठे जाते, याचा पहिला कच्चा नकाशा जुन्या लॅपटॉपवर ग्रासने काढता येतो. त्यासाठी लागणारी उंचीची माहिती मोफत आहे. अमेरिकेच्या एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशातून रडारने मोजलेली ही उंची ३० मीटरच्या चौकटींत उपलब्ध आहे. तारीख पुन्हा वाचावी : २००० साल. म्हणजे खाणपट्टा मिळण्याच्या सात वर्षे आधीचा, अख्खा सूरजागड त्या आकड्यांत साठवलेला आहे आणि तो कोणीही उतरवून घेऊ शकतो.

३० मीटरच्या चौकटीत शेताचा बांध दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर तपशिलाच्या मोफत प्रतिमांतून खाणीचा पसारा वर्षागणिक कसा वाढला हे दिसते, खोली कळत नाही. न्यायालयात किंवा मोजणी कार्यालयात हे पुरावे म्हणून एकटे उभे राहणार नाहीत. प्रश्न नेमका विचारण्यासाठी ते पुरेसे आहेत.

ड्रोनच्या कामातही स्थिती चांगली आहे. ड्रोनने काढलेल्या शेकडो फोटोंवरून नकाशा आणि त्रिमिती पृष्ठभाग बनवणारे ओपनड्रोनमॅप लिनक्सवरच वाढले. त्याची ब्राउझरमधून चालणारी आवृत्ती वेबओडीएम ढिगाऱ्याचे आकारमानही मोजते. १६ जीबी रॅमच्या संगणकावर साधारण अडीचशे फोटो झेपतात. अट एकच, जमिनीवरचे नियंत्रण बिंदू नीट मोजलेले हवेत, नाही तर सुंदर दिसणारा चुकीचा नकाशा हाती येतो. या क्षेत्रातले मेटाशेप हे मालकी सॉफ्टवेअरही लिनक्सवर थेट चालते, म्हणजे इथे विंडोजची सक्ती कोणत्याच बाजूने नाही. ड्रोन उडवणे मात्र गडचिरोलीत परवानगीचा विषय आहे, तो सॉफ्टवेअरने सुटत नाही.

यंत्रभागांच्या आरेखनासाठी फ्रीकॅड आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने आपली १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये काढली. इतकी वर्षे लागण्यामागे एक कुप्रसिद्ध दोष होता : आधीच्या पायरीत बदल केला की पुढच्या पायऱ्यांना आपण कोणत्या कडेला चिकटलो होतो हेच आठवत नसे आणि मॉडेल मोडत असे. तो बराचसा आटोक्यात आला आहे. वर्कशॉपमधला सुटा भाग, ब्रॅकेट, जाळी, छोटी शेड यासाठी फ्रीकॅड बिनधास्त शिकावे. द्विमिती रेषाकामासाठी लिब्रेकॅड हलके आहे, पण डीडब्ल्यूजी वाचण्यात ते कच्चे आहे आणि मोठ्या फाइलवर दम टाकते. पोलादी बांधकामाच्या जोडांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून ऑसडॅग तयार झाले आहे. ते भारतीय मानकांप्रमाणे गणित करते, ही त्याची खरी जमेची बाजू.

आणि खाण-नियोजन? इथे मुक्तस्रोताची बाजू लंगडी आहे. सर्पॅक किंवा व्हल्कनच्या जागी ठेवावे असे एकसंध मुक्त सॉफ्टवेअर नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातून आलेले जेमपाय भूगर्भाचे मॉडेल बनवते, भूसांख्यिकीची काही साधने आहेत, पण हे सुटे भाग आहेत आणि ते जुळवायला पायथन यावे लागते. विरोधाभास असा की खड्ड्याची किफायतशीर सीमा शोधण्याची लर्क्स-ग्रॉसमन पद्धत १९६५ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. गणित साठ वर्षे सगळ्यांसमोर उघडे आहे, ते सोयीने वापरू देणारे सॉफ्टवेअर बंद. खाण अभियांत्रिकी शिकणाऱ्याने म्हणून मालकी सॉफ्टवेअर शिकावेच, संस्थेच्या लायसन्सवर. त्याला लिनक्सचा हट्ट करायला सांगणे हे त्याच्या नोकरीशी खेळणे होईल.

झोन ४४ विसरलात तर

साधन कोणतेही असो, या जिल्ह्यात एक चूक हमखास होते. पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केले जातात, त्यांना यूटीएम झोन म्हणतात. मुंबई, पुणे, नाशिक झोन ४३ मध्ये येतात. ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये. चंद्रपूर आणि गडचिरोली पूर्ण ४४ मध्ये. इंटरनेटवर मिळणारे मराठी-हिंदी धडे आणि तयार टेम्प्लेट बहुधा पुण्या-मुंबईकडच्या उदाहरणांवर बेतलेले असतात. तेच सेटिंग तसेच ठेवून एटापल्लीचे आकडे भरले की गाव शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडते. क्यूजीआयएसमध्ये प्रकल्प उघडताच खालच्या उजव्या कोपऱ्यात ईपीएसजी ३२६४४ दिसते का, हे पाहायची सवय लावली तर हा घोळ टळतो.

क्रॅकची सवय

या सगळ्यावर एक व्यावहारिक आक्षेप असतो, आणि तो प्रामाणिक आहे. 'कंपनी बायोडेटात ऑटोकॅड मागते. मग दुसरे कशाला शिकायचे? पेन ड्राइव्हवर मिळतेच की.'

विद्यार्थ्यांसाठी ऑटोडेस्क पडताळणीनंतर एक वर्षाचे मोफत शैक्षणिक लायसन्स देते, ते दरवर्षी वाढवता येते. शिकायला ते उत्तम आहे. पण शिक्षण संपले, मुलाने आलापल्लीत किंवा चामोर्शीत घरांचे नकाशे काढून देण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला की ते लायसन्स चालत नाही. सशुल्क लायसन्सला वर्षाला हजारो रुपये लागतात आणि एकदाच पैसे भरून कायमचे घेण्याची सोय कंपनीने २०१६ मध्येच बंद केली. त्या टप्प्यावर क्रॅक येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय क्रॅकसोबत काय काय संगणकात शिरते याचा हिशेब वेगळाच.

कौशल्य मात्र एका बटणाच्या नावात अडकलेले नसते. थर म्हणजे लेयर काय, मोजमापाचे प्रमाण कसे ठेवायचे, छेद कसा काढायचा, सर्व्हेचे बिंदू कसे तपासायचे, हे लिब्रेकॅडवर शिकलेला मुलगा पंधरा दिवसांत ऑटोकॅडवर सरावतो. उलट दिशेनेही तसेच. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन आणि सर्व्हेअर ट्रेडमध्ये कॅड आणि टोटल स्टेशन शिकवले जाते. तिथल्या संगणकांवर ऑटोकॅडच्या शेजारी क्यूजीआयएस बसवायला एक रुपयाही लागत नाही, ते विंडोजवरही चालते. अख्खी लॅब एका दिवसात लिनक्सवर नेण्याचा अट्टहास करणाऱ्यांनी आधी एवढे करून दाखवावे.

शिकण्याचे साहित्य मराठीत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत आणि ते उतरवून नेटशिवाय पाहता येतात. आयआयटी मुंबई, इस्रो आणि एआयसीटीई यांनी मिळून मॅपथॉन नावाची नकाशा-स्पर्धा घेतली तीही क्यूजीआयएसवर. पैशांचा प्रश्न उरतोच म्हटले, तर २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. शिक्षण आणि कौशल्य विकास ही त्याच्या प्राधान्याच्या यादीतली कामे आहेत. खाणीच्या पैशांतून रस्ते आणि सभामंडप होतातच. दहा संगणकांची नकाशा लॅब एटापल्लीत का होऊ नये?

ग्रामसभेच्या मोबाइलमध्ये

लॅब हवी ती फक्त नोकरीसाठी नाही. गडचिरोली हा सामूहिक वनहक्कांचा जिल्हा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातील अगदी पहिल्यांपैकी एक. त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. प्रत्येक दाव्यामागे एक नकाशा असतो : निस्ताराची जागा, देवस्थान, पाणवठा, बांबूचे क्षेत्र, शेजारच्या गावाशी हद्द. सूरजागडच्या टेकडीवर ठाकूरदेव आहे आणि दरवर्षी जानेवारीत तिथे परिसरातल्या गावांची यात्रा भरते. ही माहिती ग्रामस्थांच्या पायांत असते, सर्व्हे नंबरच्या कागदावर नसते.

ती नकाशावर आणण्याचे साधन या लेखाच्या वाचकाच्या हातातच असण्याची शक्यता आहे. क्यूफिल्ड हे क्यूजीआयएसचे मोबाइल भावंड मुक्तस्रोत आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालते आणि रेंज नसताना काम करते. घरी लॅपटॉपवर नकाशा तयार करायचा, फोनमध्ये भरायचा, जंगलात फिरून बिंदू आणि फोटो नोंदवायचे, परत येऊन जोडायचे. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते आणि दाट झाडीखाली ती वाढते. हद्दीच्या वादात ती चूक महाग पडेल, पण पाणवठा किंवा देवस्थान नोंदवायला अडचण नाही. वनहक्क नियमांनीही उपग्रह प्रतिमांसारख्या तंत्राला पूरक पुरावा मानले आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. वृद्धांचे म्हणणे आणि पायाखालची वाट यांचे वजन कायद्यात कायम आहे.

अडचण येते ती दुसऱ्या बाजूची रेषा मिळवताना. ग्रामसभेकडे स्वतःचा नकाशा असला, तरी खाणीची प्रस्तावित हद्द, रस्ता, ढिगाऱ्याची जागा त्याच नकाशावर ठेवून पाहता आली तरच 'आमच्या पाणवठ्यापासून किती अंतर?' या प्रश्नाला मीटरमध्ये उत्तर मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये विस्तारासाठीची जनसुनावणी एटापल्लीऐवजी गडचिरोलीत, जिल्हा मुख्यालयात झाली, तेव्हा अंतरावरून बरीच टीका झाली. ती योग्यच होती. पण सुनावणी खाणीच्या पायथ्याशी घेतली असती तरी लोकांच्या हाती पडला असता तो शेकडो पानांचा अहवाल आणि त्यात छापलेले, मोठे केले की फुटणारे नकाशे.

पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना जनसुनावणीआधी अहवालाच्या छापील प्रतींबरोबर सॉफ्ट कॉपी आणि राज्याच्या भाषेत सारांश द्यायला सांगते. व्यवहारात सॉफ्ट कॉपी म्हणजे पीडीएफ. पीडीएफमधली रेषा डोळ्यांना दिसते, पण मोजता येत नाही आणि गावाच्या नकाशावर सरळ ठेवताही येत नाही. ग्रामसभांनी, लोकप्रतिनिधींनी आणि खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक साधी मागणी करायला हरकत नाही : सार्वजनिक अहवालातला प्रत्येक नकाशा कोणत्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात द्यावा. त्यासाठी कंपनीला सर्पॅक सोडावे लागत नाही की सरकारला लिनक्सवर जावे लागत नाही. नवे काही तयारही करावे लागत नाही. वनजमीन खाणीसाठी वळती करण्याच्या अर्जाबरोबर परिवेश पोर्टलवर त्या जमिनीची केएमएल फाइल द्यावीच लागते. सीमेची फाइल म्हणजे आधीच तयार असते. ती फोनवरच्या गुगल अर्थमध्येही उघडते.